तीन महिन्यांनी सदरा

मंडळी,

छातीचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. जखम भरली, पण उजव्या कुशीला सदरा नुसता लागला तरी शिरेतून वीज जाते. सोमवारी शाळेत रुजू व्हायचंय, आणि उघड्या अंगाने संस्कृत शिकवायची सोय गुरुकुलांबरोबरच गेली.

आज सकाळी जानवंही कुशीला सोसेना, म्हणून ते गुपचूप उजव्या खांद्यावर घेतलं. हिने पाहिलंच.

“अहो, हे अपसव्य कशाला? श्राद्ध कुणाचं? तुमचं तर टळलं ना?”

मग तिने जुनं लुगडं फाडून छातीला करकचून बांधलं. नवल म्हणजे, हलका स्पर्श जाळतो, घट्ट दाब निववतो! वर सदरा चढवून मी पार्ल्याच्या स्टेशनापर्यंत चालत जाऊन आलो.

सोमवारी भेटाल तेव्हा पाठीवरून हळुवार हात फिरवू नका. ठेवायचाच तर घट्ट ठेवा. जमेल ना?