व्याह्यांचे पाय

सन दोन हजार तेवीस साली मी बाहत्तर वर्षांचा होतो, आणि शिरूर अनंतपाळ तालुक्यात आमच्या व्याह्यांपेक्षा हट्टी माणूस नाही, हे माझं मत तोवर पक्कं झालं होतं. लोक मलाही हट्टी म्हणतात. पण मी बरोबर असलो तरच हट्ट करतो. व्याही चुकले असले तरी करतात. मुलगी त्यांच्या घरी दिली, रान त्यांच्या रानाला लागून, मधे एक बांध. त्यामुळं हा माणूस मी दोन्ही अंगांनी सोसला आहे.

उन्हाळी भुईमुगाचं त्यांना वेड. दिवाळीचा फराळ संपायच्या आत त्यांचं पुढच्या टोकणीचं बोलणं सुरू व्हायचं. बियाण्याच्या शेंगा राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात, आणि मडकं त्यांच्या बाजेखाली. एकदा माझ्या मुलीनं त्यातल्या मूठभर शेंगा भाजून पाहुण्यांपुढं ठेवल्या, तर पाहुणे जाईस्तोवर व्याही टरफलांकडं बघत सुतकात बसल्यासारखे बसले. शेंगा फोडायच्या त्याही हातानंच. "यंत्राचा मार खाल्लेलं बी काय उगवंल?" म्हणायचे.

पण खरी गंमत त्यांच्या पायांची. भुईमुगाला जमीन गार चालत नाही, बी कुजतं. म्हणून संक्रांत झाली की रोज दिवस उगवायला व्याही बांधावर चपला काढून रानात उभे राहायचे. तंबाखूचा बार भरून थुंकेपर्यंत. गारवा गुडघ्यापर्यंत चढला तर टोकण नाही, घोट्यापाशी थांबला तर लगेच. मी एकदा बांधावरून विचारलं, "ईवाई, बगळ्यावानी उभं राहून मासे धरायलाव का?" तर म्हणाले, "जमिनीला विचारायलोय. तुमी तर घरात बायकोलाबी विचारत न्हाई." पण तीस वर्षांत त्यांची टोकण कधी फसली नव्हती, हे मी मनात ठेवून होतो, तोंडावर कधी बोललो नाही.

त्या साली मात्र संक्रांतीनंतर चारच दिवसांत त्यांनी टोकण केली. मी कानटोपी घालून शेकोटीपाशी होतो. म्हणालो, लई गार हाय, थांबा. ऐकतील तर व्याही कसले? पंधरा दिवसांनी उकरून पाहिलं तर दाणा न् दाणा मऊ, काळा. गाव हसलं. मीही हसलो, जरा जास्तच.

मग मुलगी आली आणि हळूच म्हणाली, "आबा, हसू नका. मामांनी परवा चुलीपुढच्या निखाऱ्यावर पाय दिला, त्यांना कळलंच न्हाई. मला वास आला तवा मी ओढलं." लातूरच्या डॉक्टरनं साखर सांगितली होती. तळपाय बधिर झालेले. अनवाणी फिरायचं बंद.

त्याच संध्याकाळी व्याही बांधावर आले. पायात नवे काळे बूट, चालणं दुसऱ्याचंच. बराच वेळ विहिरीच्या पाण्याचं बोलले. मग बुटांकडं बघत म्हणाले, "मडक्यात निम्मंच बी ऱ्हायलंय. आता फसलं तर ह्या बियाण्याचा वंश संपला. अन् लई थांबलो तर काढणीला पाऊस गाठंल." पुढं म्हणाले, "ईवाई, तुमच्या पायाला गार लागतंय का अजून?"

"लागतंय की. पण दुसऱ्याच्या रानात बगळा व्हायला मला येळ न्हाई," मी म्हणालो.

"बरोबर हाय," म्हणाले, आणि गेले. इतक्या सहजी त्यांनी माझं कधी मानलं नव्हतं. ते मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी उगवतीला मी बांधावर चपला काढल्या आणि त्यांच्या रानात उतरलो. व्याही आधीच बांधावर बसले होते.

"कुठवर आलं?" त्यांनी विचारलं.

"गुडघ्यापर्यंत," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, आणि हात लांब करून माझ्या चपला उन्हात सरकवून ठेवल्या.