पाठीमागचा फोटो

मामाच्या बैठकीच्या खोलीत एकच मोठा फोटो आहे. नाचण पक्ष्याची मादी घरट्याच्या काठावर, खाली तीन पिल्लांच्या उघड्या चोची, पिसांवर सकाळचं ऊन. या फोटोनं मामाला नाव मिळवून दिलं. त्याची खुर्ची मात्र कायम त्या भिंतीकडे पाठ करून असते. पाहुण्यांना फोटो नीट दिसावा म्हणून, असं आम्ही समजत होतो.

मामाची नोकरी विजेचे मीटर तपासायची, जीव सगळा पाखरांत. चाळीस वर्षं त्यानं सुट्टीच्या दिवशी माळ आणि पाणथळी पालथ्या घातल्या. पाण्यात तासन्‌तास न हलता उभा राहतो म्हणून गल्लीत त्याला ‘बगळा’ म्हणतात. मामी म्हणते, "माझ्याकडे एवढं टक लावून बघितलं असतं, तर संसाराचं सोनं झालं असतं!"

निसर्ग मंडळ नवशिक्यांसाठी फोटोग्राफीचा वर्ग काढणार होतं. तिथल्या भिंतीसाठी त्यांनी हाच फोटो मागितला. मामाच्या डब्यातली जुनी स्लाइड स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं. स्क्रीनवर फोटो मोठा केला, तर कोपऱ्यात पांढरा दोरा दिसला. फांदी मागे ओढून बांधलेली होती. घरच्या प्रिंटमध्ये तो कोपरा कापलेला आहे.

त्याच डब्यातली शेवटची स्लाइड स्कॅनरवर ठेवली. तेच घरटं. पिल्लं सुकून तळाला चिकटलेली.

"मामा, हे काय?"

तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. "घरट्यावर सावली होती. उजेड हवा म्हणून फांदी बांधली. फोटो मिळाल्याच्या आनंदात सोडायची विसरलो. तिसऱ्या दिवशी आठवलं, तसा धावत सुटलो. पण उन्हानं तोवर सगळं संपवलं होतं."

"मग त्याचाही फोटो का काढलास?"

"सवय. हात थांबला नाही."

मामी दारात उभी होती. "म्हणून खुर्ची अशी होय? इतकी वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत!"

मामानं तिच्याकडे न बघता मला विचारलं, "दोरा पुसता येईल?"

दोन मिनिटांचं काम. मी दोरा पुसला. कुणाच्या बापाला कळलं नसतं. मामा स्क्रीनकडे बघत राहिला.

"परत आण तो," शेवटी तो म्हणाला. "आणि दोन्ही फोटो पाठव. नाहीतर हा बघून वर्गातली पोरंही फांद्या बांधतील."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"बगळा तर म्हणतातच. आता ढोंगी म्हणून, मनापासून म्हणतील."

आठवड्यानं मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. पहिला फोटो अप्रतिम आहे, दुसरा नको, उगाच मुलांचा हिरमोड होईल.

"मग एकही नको," म्हणून मामानं फोन ठेवला.

काल मी मामाकडे गेले, तर खुर्ची भिंतीकडे वळवलेली. मोठ्या फोटोशेजारी आता दुसराही लावलाय. कॅमेऱ्याची पिशवी महिनाभर खुंटीवरून हललेली नाही. मामाच्या हातातला चहा गार झाला होता. मी काही बोलणार, तेवढ्यात मामीनं मानेनंच ‘नको’ म्हटलं.