रुमालाखालचा हात

चौथ्या दिवशी मी देवाला पहिला भाव सांगितला.

दवाखान्याच्या जिन्याखाली, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहून सांगितला. बायको वर होती. उजवी बाजू लुळी, तोंडातून शब्द नाही, नाकात नळी. डॉक्टर म्हणाले होते, पुढचे आठ-दहा दिवस बघू. ओळखीची काही खूण दिली, हात दाबला, तर आशा धरायची. नाही दिली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी म्हणालो, "प्रभू, हिला उठव. दर रविवारी देवळात येईन." दुसऱ्या दिवशी वाढवलं, देवळाचं छप्पर नवं करून देतो. मग शिव्या देणं सोडतो. मग धंदा सोडतो. आयुष्यात मी स्वतःचाच भाव इतक्या भराभर कधी वाढवला नव्हता. पण समोरचा हातच पुढे करत नव्हता.

मी आंब्याच्या बागा घेतो. झाडावरचं फळ बघून मालकाशी ठरवायचं, उतरवायचं, पेट्या भरून धाडायचं. सोळाव्या वर्षी मुंबईच्या बाजारात एका दलालाकडे पेट्या उचलायला लागलो, तिथेच हे शिकलो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटं धरून आकडा सांगतात, म्हणजे भोवतीच्या चार जणांना कळत नाही. आता मोबाईल आले, रुमाल मागे पडला. पण आमच्या रत्नागिरीकडचे काही जुने बागवाले अजून रुमालच मागतात, आणि मलाही तेच आवडतं, कारण त्यात माझ्याइतका तयार माणूस जिल्ह्यात थोडाच सापडेल. मी ज्याच्याकडे शिकलो त्याचा एक नियम होता. हात रुमालाखाली गेला की सौदा होईपर्यंत बाहेर काढायचा नाही. काढलास तर सौदा मोडला.

बायको पडली त्या दिवशी मी संगमेश्वरकडे एका बागेत होतो. मालक म्हातारा, चिवट. हात रुमालाखाली आणि फोन वाजला. बायकोचा. डाव्या हाताने कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. म्हातारा म्हणाला, "घ्या हो, घरचा असेल." मी म्हणालो, "घरचे कुठे पळून जातायत?" सगळे हसले. सौदा माझ्या भावात झाला. त्यानंतर फोन बघितला, तेव्हा पाऊण तास गेला होता आणि उलट लावला तर कोणी उचलत नव्हतं.

तिला दवाखान्यात नेलं माझ्या मोठ्या भावाने, त्याच्या रिक्षातून. आमची घरं एकाच आवारात, मध्ये फक्त गडगा, दगडावर दगड ठेवलेला. अकरा वर्षं आम्ही बोलत नव्हतो. गावातल्या कोणीतरी कळवलं, मी धावत पोहोचलो तेव्हा तो बाकावर बसला होता, शर्टाला माती लागलेली. "कळशी घेऊन जाताना पडली," एवढंच तो बोलला. मी म्हणालो, "मी आलोय. जा आता." तो उठला आणि गेला. आभार नाहीत, काही नाही. कसली कळशी, कुठे पडली, हेही मी विचारलं नाही.

अकरा वर्षांची ती गोष्ट विहिरीची. वडिलांनी विहीर खणली तेव्हा मी चौदा वर्षांचा. फोडलेला दगड पाटीत भरून मी डोक्यावरून वर आणलेला. वडील म्हणायचे, ही दोघांची. ते गेल्यावर वाटप झालं आणि कागदावर विहीर दादाच्या एकट्याच्या हिश्श्यात गेली. मी बोंब मारली, गावभर सांगितलं, आणि शपथ घेतली की त्या विहिरीचा थेंब तोंडात घालणार नाही. माझ्या हिश्श्याला आला तो कातळ. नुसता काळा खडक, उन्हाळ्यात पाय ठेववत नाही असा. त्यावर मी आंब्याची सव्वीस कलमं उभी केली. आठवड्याला टेम्पोतून दोन पिंपं पाणी आणून ओतत होतो.

ह्या कलमांवरून मी गेल्या वर्षी आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पाळकांशी भांडलो होतो. पाळक नगरकडचे, बाजरी ओळखणारे. त्यांनी पेरणाऱ्याच्या दाखल्यावर उपदेश केला. बी खडकाळ जागी पडलं, उगवलं आणि मूळ नाही म्हणून करपलं. उपासना सुटल्यावर मी त्यांना दारातच धरलं.

"पाळकसाहेब, खडकाला उगाच बोल लावू नका. माझी सव्वीस कलमं कातळावर आहेत. येऊन बघा."

"कातळावर? मुळं जातात कुठे?"

"सुरुंग लावायचा. खड्डा फोडायचा. माती खालच्या शेतातून डोक्यावर वाहायची. शेणखत घालायचं, चार-पाच उन्हाळे पाणी घालायचं. माणसात दम असला की खडकावर पण येतं."

"मग देवाने काय करायचं?"

"बघत राहायचं," मी म्हणालो.

बायकोने मागून बाही ओढली. "चला आता, भात करपेल." त्या दिवशी भात लावलेलाच नव्हता. मला वाटलं, पाळकांसमोर तिला लाज वाटली.

पाचव्या दिवशी मी तिच्या डाव्या हातावर माझा रुमाल टाकला. नर्स बघत होती, तिला वाटलं हात पुसतोय. लग्न झालं तेव्हा मी बायकोला ही बोटांची भाषा शिकवली होती, गंमत म्हणून. मी दोन बोटं धरून म्हणायचो, दोन दिवस माहेरी जा. ती चार धरायची. मी तीनवर यायचो. मग ती माझी पाचही बोटं मुठीत दाबून टाकायची आणि म्हणायची, "घ्या सगळं तुम्हालाच, पण ओरडू नका." आमच्या घरातली सौदा संपल्याची खूण ती. दवाखान्यात मी तिची दोन बोटं धरली. मग तीन. मग पाच. हात सैल होता, गरम होता आणि मेल्यासारखा पडून होता. मी रुमालाखाली हात ठेवून तासभर बसलो. काढला असता तर सौदा मोडला असता.

सहाव्या दिवशी पाळक आले. त्यांनी प्रार्थना केली. मी त्यांना बाहेर नेऊन म्हणालो, "तुमच्या देवाला काय हवंय ते एकदाचं विचारून सांगा. मी द्यायला तयार आहे."

"मला दलाल करता काय?" ते म्हणाले. मग डबा दुसऱ्या हातात घेत, "मागितलंही असेल त्याने. तुम्हाला ऐकू गेलं नसेल."

त्या दोन फोनांचं त्यांना काही माहीत नव्हतं. पण माझं डोकं फिरलं. मी भर वऱ्हांड्यात ओरडलो, चालते व्हा म्हणालो. ते गेले. जाताना स्वतःचा डबा बाकावर ठेवून गेले. भाकरी आणि ठेचा. मी तो रडत खाल्ला, आणि खाताना पुन्हा त्यांनाच शिव्या देत होतो.

नवव्या दिवशी दुपारी कपडे आणायला घरी आलो. आवारात शिरलो आणि पाय आपोआप कातळाकडे वळले. नऊ दिवस पिंपं आणलेली नव्हती. धाकटी नऊ कलमं, गेल्या वर्षी लावलेली, वाळून काड्या झाली असणार असं धरूनच चाललो होतो. खरं सांगतो, मला ती वाळलेलीच बघायची होती. बायको जातेय तर झाडं तरी कशाला राहावीत, असं काहीतरी डोक्यात होतं.

पानं ताठ होती. मी वाकून खड्ड्यात हात घातला. माती ओली.

गडग्यापलीकडे विहिरीवर वहिनी होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला. "भावोजी, कशी आहे ती?"

"हे पाणी कोणी घातलं?"

"कोणी म्हणजे? ती घालायची. आता ती नाही, तर आम्ही घालतो."

"माझ्या झाडांना तुमचं पाणी?"

"चार उन्हाळे शेंदतेय ती इथे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही टेम्पो काढलात की यायची. म्हणायची, वहिनी, यांच्या दोन पिंपांनी कुत्र्याची तहान भागायची नाही, पण यांना सांगणार कोण?"

मोहोर बघून फळ सांगणारा मी. सव्वीस कलमांना दोन पिंपं पुरत नाहीत हा हिशेब मला चार वर्षांत आला नाही.

"त्या दिवशी पण इथेच होती," वहिनी हळू बोलल्या. "कळशी भरून निघाली. म्हणाली, हाताला मुंग्या येतायत, यांना फोन लावते. दोनदा लावला. मग म्हणाली, सौद्यात असतील. आणि बसलीच खाली."

मला रागच आला. लपवत नाही. वहिनींवर, तिच्यावर, सगळ्यांवर. मी ओरडायला लागलो, माझ्या पाठीमागे हे धंदे, मला न विचारता. दादा घरातून बाहेर आला, गुडघ्यांवर हात टेकत.

"ओरडतोस कशास? बायको तुझी, झाडं तुझी, पाणी माझं. तुझं काय गेलं?"

"किती द्यायचं?" मी म्हणालो.

"काय?"

"चार उन्हाळ्यांचं पाणी. किती द्यायचं ते सांग."

दादा गडग्याला टेकला. "वाटपाच्या वेळी तीन निरोप धाडले तुला. ये, बस, विहीर दोघांच्या नावावर लिहू. काय म्हणालास? सीझन चालू आहे. आणि आता भाव विचारतोस. मेल्या, इकडे ये. हा दोर धर. मोटर हवा ओढतेय आणि माझे गुडघे गेलेत."

निरोपांचं खरं होतं. अकरा वर्षं ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली असेल. तेवढा भाग प्रत्येक वेळी गाळला होता.

मी दोर धरला. का, ते सांगता येत नाही. हात रिकामे होते. पोहरा खाली सोडला, पाणी फार खोल गेलेलं, वर ओढताना खांदे भरून आले. तेव्हा लहानपणी ऐकलेली विहिरीवरच्या बाईची गोष्ट आठवली. येशू दमून विहिरीपाशी बसतो आणि ज्यांच्याशी त्याच्या लोकांचं पटत नाही, बोलणं नाही, त्यांतल्या एका बाईकडे पाणी मागतो. त्याच्याकडे पोहरा नसतो, दोर नसतो. मला नेहमी वाटायचं, तो तिला काहीतरी द्यायला आला होता, मागणं हे नुसतं निमित्त. पण तो दमलेला होता. त्याला तहान लागली होती. त्याने नुसतं मागितलं, आधी भाव सांगितला नाही. मी माझ्या सख्ख्या भावाकडे तेवढं मागू शकलो नव्हतो. माझ्या बायकोने माझ्यासाठी ते चार वर्षं केलं, आणि माझी लाज माझ्यापासूनच झाकली. सुरुंग लावून मी खड्डे फोडले खरे. पण माझ्या दमावर उभी आहेत म्हणून देवळाच्या दारात मिरवली ती कलमं फुकटच्या पाण्यावर जगली होती.

सव्वीसांपैकी चौदा कलमांना पाणी घालून होईपर्यंत हातांना फोड आले. सौद्याचे हात, आतून मऊ. वहिनींनी तांब्या पुढे केला. मी प्यायलो. पाण्याला गंजाची चव होती. कातळाच्या पाण्याला असतेच, फक्त मी विसरलो होतो.

मग म्हणालो, "दादा, चल दवाखान्यात. मला तिथे एकट्याने बसवत नाही."

अकरा वर्षांत, खरं तर आयुष्यात, बदल्यात काही न देता मागितलेली ती माझी पहिली गोष्ट.

"शर्ट बदलतो," दादा म्हणाला.

संध्याकाळी मी पुन्हा तिच्या डाव्या हातावर रुमाल टाकला. दादा पलंगाच्या पायाशी उभा होता. मी एकही बोट धरलं नाही. सांगायला भावच नव्हता. देवालाही काही बोललो नाही, "तू बघ" एवढंच म्हणालो, तेही रडक्या आवाजात. हात उघडा ठेवला, तिच्या हाताखाली.

बऱ्याच वेळाने तिचा अंगठा हलला. मला वाटलं भास झाला. तो माझ्या तळव्यावरून सरकला, दोराने उठलेल्या फोडावर येऊन थांबला. मागे गेला. पुन्हा आला. दोर शेंदणारीचा हात तो, असा फोड कुठे उठतो ते तिला ठाऊक होतं. तिने डोळे उघडले नाहीत. अंगठा मात्र फोडावर दाबून धरला, दुखेल इतका.

मी ओरडून नर्सला बोलावलं.

ती महिन्याने घरी आली. बोलणं आलं नाही. येणार नाही असंच आता दिसतंय. उजवा हातही नाही. ज्या पाऊण तासाने हे केलं तो परत मिळत नाही, आणि कधी कधी मी त्यावरून देवाशी जोरजोरात भांडतो. तो हात पुढे करत नाही. पाळकांची माफी मागितली, तर ते म्हणाले डबा परत करा. एक दिवसाआड मी गडगा ओलांडून शेंदायला जातो. ती दारात खुर्चीवर असते. परत आलो की डावा हात पुढे करते. फोडांचे आता घट्टे झालेत, ते अंगठ्याने तपासते. एखाद्या दिवशी मी टाळलं आणि नुसतेच हात ओले करून आलो, तर तिला कळतं. ती तोंड फिरवून बसते आणि मला पुन्हा विहिरीवर जावं लागतं.