कुंकवाची खरखर

उमरग्यातल्या दुकानात मी नवा कॉम्प्युटर न्यायला गेलो होतो. माझ्यापुढं एक तरुण बाई उभी होती. गेम खेळायचा आपला जडशीळ कॉम्प्युटर तिनं स्वतःच उचलून काउंटरवर आदळला होता. हेडफोनमधली नि त्याच्या माईकमधली खरखर आज थांबली नाही, तर संध्याकाळच्या सामन्यातून तिची टीम तिला काढणार होती.

मालक उठले नाहीत. मागच्या भिंतीवर त्यांच्या सत्कारांचे फोटो होते आणि तेही त्या फोटोंसारखेच बसले होते.

"ताई, भावाला पाठवा. त्याला समजावतो."

"त्याला माऊस धरायला म्याच शिकवलंय. नवा हेडफोन घ्या म्हणलात, घेतला. खरखर हायच!"

दर वाक्याला ती हेडफोनची पिन काउंटरवर ठोकत होती. मग थांबली, पिन बोटानं पुसली. बोट लाल झालं. कॉम्प्युटर विकताना मालकांनी थाटात पूजा करून नेमकं हेडफोनच्या पिनेच्या भोकावरच कुंकू लावलं होतं.

"ह्ये तुमचं कुंकू हाय, काका. माझ्या माईकची खरखर ऐकून टीमची पोरं मला रोज गप बस म्हणत हुती!"

"देवाच्या कामाला नावं ठेवू नये, ताई."

तिनं काउंटरवरची एक काडी उचलली. काडीनं भोक कोरलं, पिन खोचून कॉम्प्युटर चालू केला आणि हेडफोन लावून डोळे मिटून ऐकलं. खरखर गेली होती.

तेवढ्यात मालक पूजेचं ताट घेऊन माझ्या नव्या कॉम्प्युटरकडं वळले. तिनं माझ्या कॉम्प्युटरच्या पिनेच्या भोकावर तळहात दाबून धरला.

"कुंकू वर डब्याच्या पत्र्यावर लावा," ती म्हणाली.

मालकांचं बोट हवेत राहिलं. तिनं हात काढला नाही.