पाचट सकाळी पेटवायचं ठरलं

ऊस तुटून गेला की आमच्या आईला घर सोडावं लागायचं. बिद्रीच्या अलीकडं आमचं गाव. तोडणी झाली की रानात गुडघाभर वाळका पाला उरतो, त्याला पाचट म्हणतात. ते पेटवल्याशिवाय खोडवं, म्हणजे राहिलेल्या बुडख्यांतून येणारा पुढचा ऊस, नीट फुटत नाही, अशी आमच्या थोरल्या काकांची पक्की समजूत. पेटवायचं तेही दिवस मावळताना, वारं पडल्यावर. का, तर ठिणगी उडून शेजारच्या उभ्या उसात जाऊ नये. त्यांचं काही चूक नव्हतं. पण वारं पडतं तेव्हा धूरही जागच्या जागी बसतो, आणि आईला दमा. म्हणून दरवर्षी पिशवी भरून तिची रवानगी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत मामाकडं. तिथं तिला कुणी काही कमी करत नाही, पण भावजयीच्या स्वयंपाकघरात साधी कपबशी विसळायची चोरी. "पावणीसारखं बसून बसून कंबर धरली माझी," म्हणायची. आपलं घर असताना आईनं असं तोंड लपवून राहायचं, याचा मला भयंकर राग यायचा.

मी कोल्हापुरात हवेवर संशोधन करते. हे सांगितलं की माणसं लगेच विचारतात, पाऊस कधी? मला पावसाचं काही विचारू नका. माझा विषय जमिनीलगतच्या हवेचा. ऊन जमीन तापवतं, जमीन हवेला तापवते, तापलेली हवा उसळून वर जाते, वरची गार खाली येते. ताक घुसळावं तशी ही घुसळण दिवसभर चालते, आणि ऊब, ओल, धूर सगळं वर नेते. सूर्य कलला की ती थांबते. किती वाजता सुरू होईल, किती उंच पोचेल, याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडते. आणि इतकं सगळं कळत असताना माझी आई पेठेत पिशवी घेऊन बसायची.

त्या वर्षी मी काकांना म्हटलं, "काका, सकाळी पेटवा. दहा वाजून गेल्यावर. वारं हलकंच असतंय, धूर सरळ वर जाईल. आईला कुठं धाडायचं न्हाय."

"आनि ठिणगी गेली लोकाच्या उसात तर? तुझा कॉम्प्युटर भरून देनार हाय व्हय?"

थोरला दीर म्हणून आई काकांशी थेट बोलत नाही. दाराआडून ती मला म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, एक डाव ऐका की पोरीचं." काकांनी मिशी चोळली. मग म्हणाले, "बरं."

ठरल्या दिवशी मी सकाळी स्कूटर काढली. वाटेत शिवारावर पांढरं धुकट दिसलं, हातांना गारठा लागला. फेब्रुवारी आहे, निघून जाईल, अशी मी माझी समजूत घातली. घरी आई खुशीत होती. उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती.

दहा वाजून गेल्यावर काकांनी पेटवलं. धूर नारळाच्या झाडाएवढा चढला, तिथं आडवा झाला आणि निवांत आमच्या घराकडं सरकायला लागला. मी मोबाईल बघितला, सूर्य बघितला, परत मोबाईल बघितला. गणिताप्रमाणं एव्हाना घुसळण जोरात पाहिजे होती. झालं काय? नीट दिसावं म्हणून शेजारच्या रानात उतरले, तर चप्पल चिखलात रुतली.

"काका, ह्याला पाणी कधी पाजलं?"

"राती. शेतीची लाईट रातीचीच न्हवं? तू दिवसा पेटवा म्हनलीस. मग सगळ्या शिवाराला सांगून ठेवलं, आपापला ऊस भिजवून घ्या. ठिणगी पडली तरी इझंल."

माझ्या शब्दाखातर त्यांनी रात्रभर गावाला जागवलं होतं. माझ्या गणितातली जमीन कोरडी ठणठणीत होती, आणि पायाखाली सगळा रेंदा. येईल ते ऊन त्या ओलीची वाफ करण्यात खर्च होत होतं, हवा तापवायला उरणार काय? डोंबल.

मी घराकडं पळाले. दारं-खिडक्या लावून आई खाटेची कड धरून बसली होती. तोंडात दम्याचा पंप मारला तरी खांदे वरखाली होत होते, छातीतली शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती. "चल, पेठेत जाऊ, नाहीतर दवाखान्यात," मी म्हटलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. बोलायला दम नव्हता, पण खाट सोडेना. मी बाहेर येऊन जिवाच्या आकांतानं ओरडले, "काका, इझवा!"

काकांनी एकदा घराकडं बघितलं. खोरं उचललं, वरच्या रानाचा बांध फोडला, आणि तिथल्या तुडुंब सऱ्यांतलं पाणी जळत्या पाचटात सोडलं. उरलेल्या जाळावर गड्यांनी ओले डहाळे मारले. आधी धूर आणखी दाटला. मी आईची पाठ चोळत राहिले, काय काय पुटपुटत होते मलाच माहीत नाही. ऊन डोक्यावर आलं तसा धूर हलला, वर चढला आणि पांगला. घुसळण आली एकदाची, वरातीमागून घोडं. हळूहळू छातीतली शिट्टी बारीक झाली.

काका पायरीखाली उभे राहिले, पाय चिखलानं भरलेले. मान खाली घालून मला म्हणाले, "तिला ईचार, दम बसला का. आनि सांग, पाचट सगळं भिजलंय. आता न्हाय पेटत. कुजू दे तसंच, फुटंल खोडवं फुटायचं तर. पुढल्या साली बी न्हाय पेटवायचं."

मला सांगावं लागलं नाही. आईनं पदर डोक्यावर ओढला आणि दाराकडं तोंड करून, पण मलाच, म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, च्या घेऊन जावा."

मी चहा टाकायला उठले. तिनं मला बाजूला सारलं आणि भिंतीला धरत धरत स्वतःच चुलीकडं गेली.