सुषमाला मी जे सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि माझी ख्याती काय, तर म्हणे, मनात काही ठेवतच नाही!

आमच्या राजेंद्र नगरात कुणालाही विचारा. साठे वहिनी ना — तोंडावर बोलतात, पण खरं बोलतात. हे ऐकून ऐकून मला आता वीट आलाय. शेजारणीला तिचा नवा सोफा भडक आहे असं सांगितलं. व्याह्यांकडचं श्रीखंड आंबट होतं, ते पंगतीतच सांगितलं. यात कसली आलीय हिंमत? सोफा काय उलटून बोलणार होता? पण लोक कौतुक करतात, आणि मी — मी ते करू देते. चिडचिड होते ती याचीच.

सुषमा माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघीही इंदूरच्याच, पण माझे वडील मराठीचे मास्तर. घरात हिंदी शब्द आला की ते जेवता जेवता थांबायचे. तिचे वडील मिलमध्ये कारकून, घर हिंदी वस्तीत. त्यामुळे तिची मराठी आपल्या इंदूरची असते तशी, ‘मी येऊनच राहिले होते’ वाली. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला दर वाक्याला टोकायची. ती हसायची, आणि पुढचं वाक्य पुन्हा तसंच बोलायची.

आणि नकला करायची. पोळ्या लाटता लाटता दूधवाला, सासूबाई, बँकेतले साहेब. पदर खांद्यावरून डोक्यावर गेला की समोर दुसराच माणूस उभा. स्वयंपाकघरात आम्ही सगळे हसून हसून बेजार व्हायचो. मीसुद्धा.

एका वर्षी कॉलनीच्या गणपतीत काहीतरी करायचं तिनं मनावर घेतलं. कुणाला न सांगता स्वतःच रचलं. इंदूरच्या एका घरात पुण्याचे पाहुणे येणार, आणि सगळं घर शुद्ध मराठी बोलायची तयारी करतंय. सगळी माणसं ती एकटीच करणार होती. एके दुपारी माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि म्हणाली, “वहिनी, आधी तुम्हाला दाखवते. बाकीचे तर गोड गोड बोलतील. तुम्ही खरं काय ते सांगा.”

मग तिनं करून दाखवलं. डोक्याला टॉवेल गुंडाळून ती सासरा झाली. तो बिचारा सकाळपासून ‘यावे, आसनस्थ व्हावे’ घोकतोय, आणि पाहुणे दारात आल्यावर त्याच्या तोंडून निघतं, ‘आओ भिया, बिराजो.’ कसं सांगू तुम्हाला? मी गाल आतून चावून धरला होता. एकदा तर पडदा सारखा करायच्या निमित्तानं खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं, हसू दाबून.

मग का दाबलं? तेच तर. त्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन दर वर्षी मीच करायची. शेवटी स्वतःचा एखादा लेखही वाचायची. लोक टाळ्या वाजवायचे — सभ्य, मोजून. कुणी कधी हसलं नाही. ही उभी राहिली असती तर मंडप हसून कोसळला असता, आणि माझा लेख घरी जाईपर्यंत कुणाच्या लक्षात राहिला असता का? आणि तेही कोणत्या मराठीत — जी मी जन्मभर दुरुस्त करत आले तिच्यात!

मी खिडकीकडून वळले आणि म्हणाले, “सुषमा, स्पष्ट सांगते. नाही जमलेलं. लोक हसतील, पण तुझ्या मराठीला.”

तिनं डोक्याचा टॉवेल काढला, त्याची नीट घडी केली. “बरं झालं वहिनी, तुम्हालाच विचारलं,” म्हणाली. आणि तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? साठे वहिनी खोटं थोडंच बोलतात? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं हसण्यावारी नेलं असतं. मी सांगितलं म्हणून लागलं.

त्या गणपतीत मी माझा लेख वाचला. ती मागे प्रसादाच्या थाळ्या भरत होती.

स्वयंपाकघरातल्या नकलाही हळूहळू बंद झाल्या. आणि चारचौघांत ती कमी बोलायला लागली. आधी शब्द मनात तपासून बघणार, मग बोलणार. नाहीतर सरळ हिंदीत. लोक मला म्हणायचे, सुषमा किती शांत आहे नाही? मी म्हणायची, हो ना, स्वभावच आहे तिचा.

परवा तिची मुलगी ऋचा आली होती. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर एका कॅफेत स्टेजवर विनोदी काहीतरी करायचं म्हणत होती, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. सुषमानंच तिला माझ्याकडे आणलं, काकू तोंडदेखलं बोलत नाहीत म्हणून. पोरीनं करून दाखवलं. चांगलं होतं. आईइतकं नव्हतं. मी म्हटलं, छान आहे, कर.

ऋचा खूश. सुषमा तिला म्हणाली, “काकू छान म्हणाल्या म्हणजे छानच. मी पण एकदा असलं काहीतरी करायला निघाले होते. काकूंनी वेळेवर सांगितलं म्हणून वाचले, नाहीतर हसं झालं असतं.”

ऋचाला हे नवीनच होतं. ती आईच्या मागेच लागली, काय होतं ते थोडंसं करून दाखव म्हणून. सुषमा नको नको म्हणत होती. मग माझ्याकडे वळून हसत म्हणाली, “तुम्हीच सांगा हिला वहिनी. मला कुठे जमत होतं?”

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “नव्हतंच जमत.”