अर्धा सूर खाली

मेजावर रिळांचे अकरा डबे आहेत. पहिल्यावर १९७९ लिहिलंय, शेवटच्यावर २०१७. दोन टेप मशीन आहेत, त्यातलं एक सुरू. एक पेन्सिल, एक मोजपट्टी, मुठीएवढा भाताचा एक गोळा, अर्धा खाल्लेला. घड्याळात दोन वाजून एकवीस मिनिटं झालीत, म्हणजे पाच वाजायला दोन तास एकोणचाळीस मिनिटं उरलीत. एवढं सगळं मोजून झाल्यावर वल्लरी आवटी डोकं हातावर टेकवते. दहाच मिनिटं, असं स्वतःला बजावते. मिरजेला घरी याला वामकुक्षी म्हणतात. इथे जपानात, सेंदाईला, नूडल्सच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर, याला काय म्हणतात ते तिने अजून कुणाला विचारलेलं नाही.

पण झोप येता येता ते अकरावं रीळ मध्ये येतं.

ही सगळी रिळं ताकुमा तोकिवाची. चाळीस वर्षं एकट्याच्या नावावर रॉक गाणारा माणूस, गेल्या हिवाळ्यात गेला. वल्लरी कोल्हापुरात भौतिकशास्त्र शिकली, इथे येऊन जुन्या टेपा स्वच्छ करायच्या कामाला लागली आणि आठ महिने रोज त्याचा आवाज ऐकतेय. अकरावं रीळ त्याने घरी, एकट्याने भरलं. त्यातला आवाज आणि गिटार, दोन्ही आधीच्या दहा रिळांपेक्षा बरोबर अर्ध्या सुराने खाली आहेत.

"घरचं मशीन बिघडलं असणार," रेकॉर्ड काढणारे ओनोदेरासान सकाळी म्हणाले. "वेग सहा टक्के वाढवा. बघा, आपला जुना तोकिवा परत येतो की नाही."

तिने वाढवला. जुना तोकिवा परत आला, तरुण, धारदार. ऑफिसात सगळ्यांचे चेहरे उजळले. पाच वाजता तीच प्रत छापायला जायचीय.

आणि काल त्याची बहीण येऊन गेली. फुमिएसान, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. खुर्चीच्या कडेवर बसून त्या म्हणाल्या, "आजारपणानंतर मी त्याला गाताना ऐकलंच नाही. तो जसा गायला तसा मला ऐकायचाय. मला त्यातलं काही कळणार नाही. तुम्हाला कळेल."

वल्लरीला कळत नाहीये. मशीन चुकलं असेल तर दुरुस्त करणं हे तिचं कामच आहे. पण तो स्वतःच खाली उतरला असेल तर ती एका मेलेल्या माणसाचा गळा पिळून त्याला वर चढवतेय. कान दोन्ही बाजूंनी साक्ष देतात. तिने वीस वेळा ऐकलंय.

ती डोळे मिटून पुन्हा डबे मोजते. नऊ, दहा, अकरा, बारा.

बारा?

बारावा डबा स्टीलचा आहे, आपल्याकडे असतो तसा, कडी असलेला. त्याच्यामागे स्टुलावर ताकुमा तोकिवा बसलाय आणि झाकण उघडायची खटपट करतोय.

"ही कडी कुठून काढायची?" तो विचारतो.

"आधी वर, मग बाहेर," वल्लरी म्हणते. आणि मग तिच्या लक्षात येतं. "तोकिवासान, तुम्ही मराठी बोलताय."

"मी कुठला बोलतोय? भाषांतर तू करतेयस. जरा मन लावून कर, माझे विनोद पडतायत." डबा उघडतो. आत गिटारच्या सहा तारा गुंडाळून ठेवल्यात, शेवयांसारख्या. तो वास घेतो आणि झाकण लावतो. "आठ महिने धुतेयस मला. अंगावर सालपट राहिलं नाही. चल."

दार एकच आहे. त्यातून ती रोज जिन्यावर जाते. आज पायऱ्या खालीच जातात, तीन मजल्यांपेक्षा जास्त, आणि तळघरात संपतात. धूर, बिअरचा वास, फळकुटांचं व्यासपीठ. त्यावर तेवीस वर्षांचा तोकिवा गातोय, गळ्याच्या शिरा ताणून. वल्लरी प्रेक्षक मोजते. सात.

"सहा," शेजारचा म्हातारा तोकिवा म्हणतो. "तो कोपऱ्यातला वायरमन आहे. मीटर बघायला आला होता. पण शेवटपर्यंत थांबला हां."

"पहिलं रीळ, एकोणऐंशी. हे वरचं टोक मी खूप वेळा ऐकलंय."

"ऐकलंयस. बघितलं नाहीस. त्याचे पाय बघ."

वरचा सूर येतो आणि त्या पोराच्या टाचा जमिनीवरून उचलल्या जातात. सूर संपतो, टाचा खाली. पुन्हा सूर, पुन्हा टाचा वर. फडताळातली बरणी काढायला चढावं तसा तो प्रत्येक वेळी चवड्यांवर चढतो.

"पोचत नव्हता?" वल्लरी विचारते.

"कधीच नाही. पहिल्या दिवसापासून बोटभर कमी. पण लोकांना वाटलं, काय जीव तोडून गातो! मग तेच माझं झालं."

दिवे बदलतात. तळघर तेच, पण आता छत उंच आहे आणि कॅमेरे तीन. तोकिवा चंदेरी जाकिटात, खांदे दाराएवढे, पायात उंच टाचांचे बूट.

"टीव्हीवाल्यांनी दिले," तो म्हणतो. "टाचा आधीच वर. सोय झाली."

"हे चौऱ्याऐंशी. तुमचं सगळ्यात जास्त खपलेलं."

"खपलं. मी पण खपत होतो."

वल्लरीला हसू येतं. तिला वाटतं, हा विनोद काही पडला नाही.

कॅमेऱ्यांच्या पलीकडे एका मोठ्या दुकानाची गच्ची आहे. तिथे मुलांसाठी पैसे टाकून हलणारे हत्ती ठेवलेत, आणि चाळिशीचा तोकिवा त्यांच्याकडे बघून गातोय. समोर खुर्च्या एकोणीस, माणसं चार. बूट साधे, टाचा वर. वारा सुटतो तसा तो आवाज फाटतो, आधी काठाला, मग मधोमध. वल्लरी त्याच्याकडे धाव घ्यायला जाते आणि तिचा पाय गच्चीवरून उतरून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पडतो.

दुपारची वेळ आहे. वर वाळलेले भोपळे टांगलेत, लाकडाचा भुसा उन्हात उडतोय. दुकानात कुणी नाही. चटईवर ताकुमा तोकिवा बसलाय, वय झालेला, गळ्यावर ऑपरेशनचा व्रण, मांडीवर गिटार. चपला त्याने बाहेर काढून ठेवल्यात.

"बस," तो म्हणतो. "ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोलाल, पण गाण्याचं सांगता येत नाही. दोन वर्षं मी गिटारला हात लावला नाही. मग एका दिवशी घेतली. पहिलं गाणं काढलं. सूर वर राहिला, मी खाली. नेहमीसारखा."

"मग?"

"मग काय, पाय दुखत होते. खुर्चीत बसलो होतो. बसून चवड्यांवर चढता येत नाही." तो खुंटीला हात लावतो. "म्हटलं, हाच येऊ दे की खाली."

तो पहिली तार सैल करतो. तार कुरकुरते आणि उतरते. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक तारेबरोबर त्याचे खांदे थोडे खाली येतात. सहावी उतरते तेव्हा तो इतका लांब श्वास सोडतो की वरचे भोपळे हलतात.

"चाळीस वर्षं," तो म्हणतो, "मी गाण्यापर्यंत पोचायला धडपडत होतो. गाणं माझ्यापर्यंत येऊ शकतं, हे कुणी सांगितलंच नाही. तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

"पट्टी," वल्लरी म्हणते. "आमच्याकडे गाणाऱ्याची पट्टी ज्याची त्याची असते. मी लहानपणी ज्यांच्याकडे गाणं शिकायचे, त्या ताम्हनेबाई आधी काळी पाचमध्ये गायच्या. साठीनंतर काळी चारमध्ये गायला लागल्या. तंबोरा याच गल्लीत आणून तारा बदलून घेतल्या."

"आणि लोक काय म्हणाले?"

"काही नाही. चहा घेतला आणि गाणं ऐकलं."

"बाईंचं मशीन बिघडलंय, असं नाही म्हणालं कुणी?"

वल्लरीचे कान तापतात.

"इकडे आण," तो म्हणतो आणि तिचं बोट धरून जाड तारेवर ठेवतो. "दाब. अजून. मी चाळीस वर्षं दाबलंय, तुला काय होतंय!" तार थंड आहे आणि बोटात रुतते. तो दुसऱ्या हाताने छेडतो. आवाज कानात येण्याआधी कोपरापर्यंत येतो. मग तो गातो. दोनच ओळी, अकराव्या रिळातल्या. वल्लरी त्याच्या पायांकडे बघते. दोन्ही टाचा चटईवर टेकलेल्या आहेत.

तिच्या छातीवरून काहीतरी उतरतं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच हा आवाज ऐकताना तिचे खांदे खाली येतात.

पण ती विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, झोपेतसुद्धा.

"तोकिवासान, हे मी ओनोदेरासानना काय म्हणून सांगू? स्वप्नात येऊन म्हणाले?"

"सांग की."

"पुरावा लागेल."

"मेलेल्याकडे पुरावा मागतेस? घरच्यांनी काही वळण लावलंय की नाही?" तो मनापासून हसतो. "बरोबर आहे तुझं. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी मेलोय आणि तू नीट जेवली नाहीयेस. पण त्या वेळी खोलीत मी एकटा नव्हतो."

"तुम्ही एकट्यानेच भरलंय ते रीळ."

"स्वयंपाकघरात. हीटर तिथेच होता. मी गिटार घेऊन बसायचो आणि मागे माझा फ्रिज कटकट करायचा. एकच सूर, सकाळ-संध्याकाळ. कधी वर नाही, कधी खाली नाही. माझ्यापेक्षा पक्का." तो तिच्याकडे बारीक डोळे करून बघतो. "तू त्याला कुठे हाकललंस?"

वल्लरी तोंडावर हात ठेवते.

टेप आली की पहिलं काम विजेवरच्या यंत्रांची घुरघुर काढून टाकणं. तिच्या धंद्यात सगळे हेच करतात. भाजी चिरण्याआधी धुवावी तसं. न ऐकता, सवयीने. तिने अकराव्या रिळाची घुरघुर पहिल्याच दिवशी पुसली आणि मग त्या पुसलेल्या प्रतीवर वीस वेळा कान लावून बसली. इथली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, मिरजेत घेते तेवढेच, घुरघुरही त्याच आकड्याची, आणि तो आकडा फ्रिजही बदलू शकत नाही आणि गाणाराही.

"मशीन चुकलं असेल तर फ्रिजही तुमच्याबरोबर अर्धा सूर खाली गेला असेल," ती भराभर बोलते. "पन्नासचे सत्तेचाळीस पूर्णांक दोन होतील. आणि तुम्ही तारा उतरवल्या असतील तर फ्रिज जागेवरच असेल. पन्नास! तोकिवासान, मी घुरघुर पुसली, पण मूळ प्रत—"

"मला आकडे नको सांगूस. गणितात नापास झालो म्हणून तर गायला लागलो." तो उठतो, गिटार चटईवर ठेवतो आणि बाहेर चपला शोधायला लागतो. उन्हात त्याला त्या सापडत नाहीत. "जाऊ दे. अनवाणीच बरं आहे."

"सत्तेचाळीस आलं तर?" वल्लरी मागून विचारते. "तर मी वेग वाढवणार. सांगून ठेवते."

"वाढव," तो मागे न वळता म्हणतो. "मग मी खोटारडा आणि फ्रिज खरा. फुमिएलाही तेच सांग. तिला माझ्याबद्दल काही नवीन वाटणार नाही."

गल्लीच्या टोकाला ऊन फार पांढरं आहे. तो त्यात चालत जातो, सावकाश, प्रत्येक पाऊल पूर्ण टेकवत.

वल्लरी डोकं उचलते.

दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटं. खालून रश्श्याचा वास येतोय. गालावर बाहीच्या शिवणीची खूण उमटलीय, ती तिला हाताला लागते. आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या पेरावर, आडवी, एक खोल बारीक खाच आहे. ती मेजावर हात होता ती जागा बघते. तिथे वायर नाही, पेन्सिल नाही, कसलीही कड नाही. ती खाच अंगठ्याने चोळते. जात नाही.

मग ती खुर्ची पुढे ओढते. रीळ पहिल्यांदा लावलं तेव्हाची, काहीही न पुसलेली प्रत नियमाप्रमाणे वेगळ्या डिस्कवर ठेवलेली असते. ती उघडते. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी सहा सेकंद तोकिवा नुसता बसलाय. खुर्ची करकरते, तो एकदा खोकतो. त्याच्यामागे, अगदी खाली, काहीतरी घुरघुरतंय.

ती खोकल्यानंतरची चार सेकंदं निवडते आणि विश्लेषणाला लावते. फोन वाजतो.

"आवटीसान, फाइल निघाली का?" ओनोदेरासान विचारतात. "तासभर आधी मिळाली तर बरं."

"दोन मिनिटं द्या," ती म्हणते. "एक मोजमाप राहिलंय."

"आता कसलं?"

"फ्रिजचं."

"बरं," ते म्हणतात. "मी थांबतो."

पडद्यावर आलेख डावीकडून भरत जातो. सत्तेचाळीसपाशी रेघ सपाट आहे. तिथून पुढे सरकते आणि एका ठिकाणी सुईसारखी वर उठते. वल्लरी खाच पडलेल्या बोटाने कर्सर तिथे नेते आणि फोनमध्ये आकडा वाचते.

"एकोणपन्नास पूर्णांक नऊ आठ हर्ट्झ."